नाना असताना

"नाना असताना असं एकदासुद्धा झालं नाही हो, बाई," लॅबवाला दारातूनच म्हणाला.

"काय झालं ते सांगा. नाना कशाला मध्ये?"

"बाहेरच्या डॉक्टरांना एकही रिपोर्ट पोचत नाहीये. सगळे मेल परत येतायत. साहेब म्हणालेत, आज दुपारपर्यंत सुरू झालं नाही तर सर्व्हर बाहेरच्या कंपनीकडे देऊन टाकू."

म्हणजे मला घरी पाठवू. ते तो बोलला नाही, पण मला ऐकू आलं.

मी या हॉस्पिटलची टेलिफोन ऑपरेटर. म्हणजे होते. जिन्याखाली माझा बोर्ड होता, कानाला हेडफोन आणि तोंडात दिवसभर एकच वाक्य: "धरा हं, जोडते." मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि बोर्ड उचलून नेला. त्याच सुमारास ईमेलचा सर्व्हर सांभाळणारे नाना निवृत्त झाले. साहेब म्हणाले, "फोन जोडत होतात ना? आता मेल जोडा. त्यात काय एवढं!"

त्यात काय एवढं ते मला पहिल्याच आठवड्यात समजलं. काळा पडदा, त्यावर मुंग्यांसारखी अक्षरं. घरी भाजी चिरताना व्हिडिओ बघायचे आणि सकाळी येऊन ते करून पाहायचे. एकदा एका टिंबाची चूक झाली आणि सगळ्या हॉस्पिटलचे मेल एकट्या स्वयंपाकघराच्या मुकादमाला गेले. तो बिचारा दिवसभर ऑपरेशनच्या वेळा वाचत बसला.

आणि काहीही बिघडलं की तेच पालुपद. नाना असताना. नाना असते तर. नानांचा नुसता हात लागला तरी. मला त्या माणसाचा हेवा वाटायचा, अगदी पोटात दुखेपर्यंत. त्यांच्या हुशारीचा नव्हे. त्यांची आठवण निघायची, त्याचा. माझा बोर्ड गेला तेव्हा कोणाच्या तोंडून निघालं नाही की, बाई असताना बरं होतं. दुसऱ्याच दिवशी त्या जागी फिनेलचे डबे आले.

"अगं, नानांना एक फोन कर की," नवरा रोज म्हणायचा. "रिकामेच असतात ते."

"जीव गेला तरी करणार नाही."

"तुझा नाही जायचा. सर्व्हरचा जाईल."

लॅबवाला गेल्यावर मी खुर्चीत बसले, तीही नानांचीच, आणि बोर्डाचा विचार करायला लागले. मला तेवढंच येतं. बोर्डावर बाहेरची लाईन बिघडली की टेलिफोन खात्याचा माणूस ऑपरेटरलाच फोन करून सांगायचा. इथेही बाहेरचं कोणीतरी सांगत असणार की, बाई, तुमचं अमुक बिघडलंय. मग ते निरोप जातात कुठे?

शोधता शोधता एक फाईल सापडली. कोणत्या नावाने आलेला मेल कोणाला द्यायचा, ते तिच्यात लिहिलेलं होतं. त्यात एक नाव होतं पोस्टमास्टर, म्हणजे सर्व्हरचा कारभारी. तक्रारी त्याच नावाने येतात. त्या नावासमोर एक पत्ता होता. नानांचा, घरचा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे माझा प्रत्येक घोटाळा रोज सकाळी नानांच्या घरी चहाबरोबर पोचत होता! मी त्यांचं नाव खोडलं आणि माझं घातलं. खोडताना बरं वाटलं, फार बरं वाटलं.

थोड्याच वेळात पहिला निरोप माझ्याकडे आला. फिजिओथेरपीवाल्या बाईंचा पासवर्ड चोरून कोणीतरी आमच्या पत्त्यावरून जगाला जाहिराती पाठवत होतं, म्हणून बाहेरच्यांनी आम्हाला दार बंद केलं होतं. मी तो पासवर्ड बदलला, अडकलेला कचरा काढून टाकला आणि बाहेरच्यांना विनंती लिहिली. जेवणाच्या सुट्टीआधी रिपोर्ट जायला लागले.

"झालं की हो!" लॅबवाला पळत आला. "नानांना विचारलंत वाटतं?"

मी कीबोर्ड पुसायला घेतला. बोलले असते तर शोभलं नसतं.

संध्याकाळी निघता निघता टेबलावरचा फोन वाजला.

"कोण, ऑपरेटर का?" मला अजून त्या नावाने हाक मारणारे नाना एकटेच. "सर्व्हर बंद पडला का गं? सकाळनंतर माझ्याकडे काहीच आलं नाही."

"बंद नाही पडला. तुमचं नाव काढलं मी."



"बरं केलंस. मीच जाताना काढायला हवं होतं."

"राहून गेलं?"

"नाही. राहू दिलं."

"आणि त्या पासवर्डची तक्रार? तुमच्याकडे आली होती ना? इथे माझी नोकरी जात होती, नाना."

"परवाच आली. फोन हातात घेतला, खाली ठेवला. वाटलं, आज तरी तू विचारशील. खोटं कशाला बोलू? माझ्यावाचून चाललेलं बघवत नव्हतं गं."

मला राग आला. चांगलाच आला. पण बोर्ड गेल्यावर मीही जाता-येता कान देऊन ऐकायचे, एखादा फोन भलत्याच वॉर्डात लागावा म्हणून. ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

"मेलवर आणखी काय येतं तुम्हाला?" मी विचारलं.

"काय येणार? सर्व्हरचंच काय ते यायचं."

सर्व्हर रोज सकाळी एक निरोप पाठवतो. रात्री सगळ्याची नक्कल नीट निघाली, एवढंच त्यात असतं. आत्तापर्यंत तोही नानांनाच जायचा; दुपारी मी तोही माझ्याकडे वळवला होता.

"धरा हं, नाना," मी म्हटलं. "जोडते."

बोर्ड गेल्यापासून हे वाक्य तोंडून निघालं नव्हतं. रिसीव्हर खांद्यात दाबून मी टाईप केलं. तक्रारींसमोर माझं एकटीचंच नाव ठेवलं. सकाळच्या निरोपापुढे माझं लिहिलं, स्वल्पविराम दिला आणि त्यांचं लिहिलं. मग तो निरोप एकदा पाठवून पाहिला.

नानांनी तो सावकाश, मोठ्याने वाचला. "सर्व ठीक." मग म्हणाले, "आलं गं. तुझं नाव आधी दिसतंय."

"हो," मी म्हटलं. "ते तसंच राहील."