केवळाबाईच्या चेहऱ्यावरचं तेज

मुखेडच्या बाजाराच्या दिवशी गुंडप्पा महाराजांच्या मांडवाबाहेर काठ्यांचा ढीग पडायचा. गुडघेदुखीने वाकलेली माणसं काठी टेकत यायची, महाराजांच्या भस्माची पुडी रोज खायची आणि महिन्याभरात काठी तिथेच टाकून ताठ चालत जायची. महाराज ढिगाकडे बोट दाखवून गरजायचे, "डॉक्टर काठी देतो, मी काठी घेतो! बोला, कुणाची घेऊ?" स्वतःला खोकला झाला की हेच महाराज गुपचूप दवाखाना गाठायचे, पण ते कुणाला दिसत नसे.

केवळाबाईची काठीही त्या ढिगात होती. सहा वर्षं उंबरा ओलांडताना कण्हणारी ही बाई आता कुणाचा हात न धरता एसटीत चढू लागली. भूक वाढली, गाल गोल झाले. "तेज चढलंय," गाव म्हणालं. तिची सून उज्वला, गावात आरोग्याचं काम करणारी आशाताई, हीसुद्धा सुखावली. नवरा वारला तेव्हा "माहेरी जायचं न्हाई, मी हाय ना," असं म्हणून तिला या कामाला लावणारी केवळाबाईच होती.

त्याच वर्षी आरोग्य केंद्र आणि विद्यापीठ यांनी मिळून सांधेदुखीची पाहणी हाती घेतली. उज्वला घरोघर फॉर्म भरत हिंडली. 'कोणतं औषध घेता?' या प्रश्नाला एक्केचाळीस घरांतून एकच उत्तर आलं, "काईच न्हाई." खोटं कुणीच बोललं नव्हतं. महाराजांचं भस्म हा प्रसाद. प्रसादाला औषध कोण म्हणेल? सासूच्या फॉर्मवर उज्वलानेही 'काही नाही' असंच लिहिलं.

विद्यापीठाच्या डॉक्टर तनुजा फॉर्म तपासायला आल्या आणि माणसांच्या चेहऱ्यांकडेच बघत राहिल्या. "ताई, औषध नाही, मग सगळ्यांचे गाल असे सुजलेले कसे? अंगावर निळे डाग कसे?"

उज्वलाने भस्माची पुडी आणून दिली. ती पिशवीत बंद करत तनुजा म्हणाल्या, "प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत कुणालाही काही बंद करायला लावू नका."

खात्री नसताना त्यांनी कारण सांगितलं नाही, आणि उज्वलाने विचारलं नाही. तिचं डोकं तापलं होतं. घरी येताच तिने उरलेल्या पुड्या मोरीत ओतल्या.

"अगं, देवाचं हाय ते!" केवळाबाई कळवळली.

"देवाचं न्हाई, मामी," उज्वला सासूला म्हणाली. "भेसळ हाय त्यात. माझ्यावर भरवसा हाय ना?"

"तुझ्यावर न्हाई तर कुणावर?"

तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. उज्वलाला वाटलं, पित्त असेल. तिने मीठ-साखरेचं पाणी दिलं, रात्रंदिवस उशाशी बसली. पाचव्या दिवशी केवळाबाई हाकेला ओ देईना. नांदेडला नेताना रुग्णवाहिकेतच ती गेली.

अहवाल दोन दिवसांनी आला. भस्मात राखेबरोबर स्टिरॉइडच्या गोळ्यांची भुकटी होती. त्या भुकटीने दुखणं दबतं आणि चेहरा सुजतो; त्या सुजेलाच गाव तेज म्हणत होतं. रोज बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं तसलं द्रव्य बनवणं सोडून देतं. मग भुकटी एकदम थांबली की माणूस कोसळतो. "हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं," तनुजा रडत म्हणाल्या.

महाराजांना मात्र आयता चमत्कार मिळाला. "प्रसाद मोरीत ओतला! पाच दिवसांत देवानं शिक्षा दिली!" मांडवात दुप्पट गर्दी झाली.

तेरावं झाल्यावरच्या बाजारात उज्वला अहवाल घेऊन त्याच मांडवात उभी राहिली.

"देव कोपला न्हाई. पुडीत डॉक्टरांच्याच गोळ्या कुटून घातल्यात. सवय लागल्यावर मी ती एकदम बंद केली, म्हणून माझी सासू गेली. ह्यांनी गोळी लपवली आन् मी कारण विचारलं न्हाई. दोघांनी मिळून मारलं तिला."

"बाई शोकानं भ्रमिष्ट झालीय," महाराज म्हणाले.

म्हातारे जहांगीर टेलर पुढे झाले. "महाराज, तुमचे गुडघे बी दुखत्यात की. रोज एक पुडी घ्या आमच्यासमोर. महिनाभर."

"आज आमचा उपास हाय."

कुणीतरी हसलं. गर्दीतल्या बेगमबीने पदराची गाठ सोडून पुडी काढली. "मंग हे फेकून देऊ का गं?"

"न्हाई!" उज्वला ओरडली. तिचा आवाज फाटला. "फेकू नका. पुडी घेऊन दवाखान्यात चला, डॉक्टर हळूहळू कमी करतील. आन् कुणीबी काही देवो, बाबा, डॉक्टर नाहीतर मी, विचारायचं, ह्यात काय हाय, आन् असं का? मामींनी मला विचारलं न्हाई. त्यांचा माझ्यावर लई भरवसा होता."