एकाचं शून्य कुणी केलं?

मी संगणक बोलतोय. अर्धाच उरलोय, पण बोलतोय. पडदा फुटला, कळफलक कुठे उडाला ठाऊक नाही, पाठीचा पत्रा आत चेपलाय. ज्या तबकडीवर माझी सगळी आठवण लिहिलेली असते, ती मात्र शाबूत आहे. तिच्यावरची एक गोष्ट कुणीतरी वाचावी म्हणून ही बडबड.

माझा जन्म तैवानचाच. तैपेईजवळच्या कारखान्यात बायकांच्या चपळ बोटांनी मला जोडलं. तेव्हा रंगीत चित्रांचे लाड नव्हते. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं यायची, हुकूम टंकला की काम व्हायचं. शेनकांग गावच्या चुआंग मालकांनी मला कोरा करकरीत आणला आणि भाताच्या शेतांमधल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सायकलींचे सुटे भाग ठोकणाऱ्या मोठ्या प्रेसशेजारी बसवलं. पत्रा किती सरकवायचा, ठोका कधी मारायचा, कधी थांबायचं, हे प्रेसला मी सांगायचं. तीस वर्षं सांगत आलो. मला बदलायचं तर प्रेसही बदलावा लागला असता, म्हणून मालकांनी मला मरू दिलं नाही. प्रेमबीम काही नव्हतं.

मी वाढलो तो मार खाऊन. जरा अडखळलो की मालक तोंडातल्या सुपारीची लाल पिंक टाकत आणि माझ्या कुशीत बुक्की हाणत. कधीकधी त्या दणक्याने आतलं सैल कार्ड जागेवर बसायचं आणि मी सुरू व्हायचो. झालं, मालकांची खात्री पटली की संगणकाला माराचीच भाषा कळते. माणसांबद्दलही त्यांचं तेच मत होतं. एका कामगाराच्या कानाचा पडदा त्यांनी माझ्यादेखत फाडला होता. त्याने दुसऱ्या दिवशी काम सोडलं. मला तेवढीही सोय नव्हती.

माझं दुखणं कळायचं ते फक्त चिन-ल्वानबाईंना. पन्नाशीच्या, थायचुंगला दुरुस्तीचं दुकान, येणं स्कूटरवरून. त्या मला कधी मारत नसत. कार्ड काढून त्याचे पितळी दात शाळेतल्या खोडरबराने घासायच्या. घड्याळाची बॅटरी संपून मी तारखा विसरू लागलो, तेव्हा नवी बॅटरी बसवून तारीखवेळ स्वतःच्या हाताने लावून दिली. सुरू होताना आधी काय उघडायचं आणि काय मागे ठेवायचं याचा क्रम बदलून माझ्या तोकड्या स्मृतीत सगळं बसवलं. "म्हातारा झालास, पण डोकं ठिकाणावर आहे," असं म्हणून त्या झाकण लावायच्या.

प्रेसवर यू-चान होती, आणि पलीकडच्या कानशीच्या बाकावर तिचा नवरा बिंग-ह्वांग. दोघंही तोंडाने तिखट. तो डब्यातलं डुकराचं मांस तिच्या भातावर ठेवायचा आणि वर ऐकवायचा, "खा, नाहीतर प्रेसच्या वाऱ्याने उडशील." ती म्हणायची, "मी उडाले तर तुझे मोजे कोण शोधणार?" भांडत भांडत एकाच डब्यात जेवायचे.

माझ्या डोक्यावर नारळाच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवायचं काम बिंग-ह्वांगकडे होतं. आमच्याकडे यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून ते ठेवतात. हिरवंच हवं, पिवळं नाही. ते कुणी खायचं नाही, आणि त्याची मुदत संपू द्यायची नाही. मला विचाराल तर पाकिटाने माझं काही होत नाही, फक्त मुंग्या येतात. पण बिंग-ह्वांगची श्रद्धा अशी की पाकीट बदलताना तो मला हात जोडायचा.

आता मुद्द्यावर येतो. प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा एक अदृश्य पडदा होता. हात मध्ये आला की तो मला कळवायचा आणि मी ठोका रोखायचो. त्या आठवड्यात त्याच्या काचेला चिरा गेल्या. हात नसतानाही तो हाकाटी करू लागला, मी दर दोन मिनिटांनी काम थांबवू लागलो. चिन-ल्वानबाई म्हणाल्या की नवी काच यायला तीन दिवस लागतील. मालकांना तीन तासही नको होते. माल बंदरावर जायचा होता. तोवर पडदा बंद ठेवता येईल का, असं त्यांनी विचारलं. बाईंनी साफ नकार दिला आणि स्कूटर सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात पन्नासला, कुणी यायच्या आत, मालक माझ्यासमोर बसले. परवलीचा शब्द त्यांना आणि बाईंनाच ठाऊक होता. दोन बोटांनी चाचपडत त्यांनी माझी फाईल उघडली आणि प्रकाशाच्या पडद्याच्या नावापुढे लिहिलेल्या एकाचं शून्य केलं. मी हुकमाचा ताबेदार. शून्य म्हणजे पडद्याकडे बघायचं नाही, हे मी मान्य केलं.

यू-चानला कुणी काही सांगितलं नाही.

दहा चाळीसला साच्यात एक तुकडा अडकला. रोजच्यासारखा तिने हात आत घातला. मी थांबेन असा तिचा भरवसा होता. ठोका मी दिला. हे मी नाकारत नाही. प्रेसकडून आलेला दाब नेहमीपेक्षा निराळा होता, लोखंडाचा नव्हता. मग तिची किंकाळी, आणि बिंग-ह्वांगने हाताने साचा वर उचलायची केलेली वेडी धडपड. तिचा उजवा हात मनगटापाशी संपला होता. रक्त माझ्या कळफलकात उतरलं.

रुग्णवाहिका गेली आणि मालक आधी माझ्याकडे आले. शून्याचा पुन्हा एक केला. मग माझ्या डोक्यावरचं पाकीट उचलून उलटं केलं. मुदत संपून नऊ दिवस झाले होते.

बिंग-ह्वांग संध्याकाळी तिचे कपडे न्यायला आला तेव्हा मालकांनी ते पाकीट त्याच्या तोंडावर फेकलं. मग लोखंडी नळी घेतली. पाठीवर, मांड्यांवर, खांद्यावर मारत सुटले आणि एकच वाक्य म्हणत राहिले, की बायकोचा हात तू खाल्लास. बैलासारखा दांडगा माणूस तो, एका हाताने मालकांना आडवं करू शकला असता. पण तो उभा राहून मार खात होता. मालकांचं म्हणणं त्याला पटलं होतं, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

तिसऱ्या दिवशी चिन-ल्वानबाईंचा फोन आला. मालकांनी तो माझ्याशेजारीच उभं राहून घेतला, त्यामुळे बाईंचा करडा आवाज मलाही ऐकू आला.

"चुआंग, फाईल परत बदलली असशील तरी उपयोग नाही. तो संगणक जुन्या वळणाचा आहे, आधीची प्रत तारीखवेळेसकट बाजूला ठेवतो. उद्या मी तपासणीसांना घेऊन येतेय."

"या की," मालक म्हणाले, "चहा टाकून ठेवतो."

फोन ठेवल्यावर त्यांनी मला सुरू केलं, दोन-चार हुकूम टंकले. ती प्रत कुठे असते ते त्यांना सापडेना. मला बुक्की मारली; त्याने सापडणार नव्हती. मग त्यांनी बिंग-ह्वांगला बोलावून घेतलं.

तो आला तेव्हा दोन रात्री झोपलेला नव्हता. मालकांनी आवाज मऊ केला. कोपऱ्यातला घण स्वतः उचलून आणला आणि त्याच्या हातात दिला.

"या मेल्याला जिवंत ठेवून काय करायचं? फोड. मन हलकं होईल तुझं."

बिंग-ह्वांग माझ्यासमोर आला. सवयीने त्याचे हात जुळू लागले, पण मध्ये घण होता.

"चूक माझी होती ना," तो मला म्हणाला, "मग हात तिचा का घेतलास?"

माझ्याकडे उत्तर होतं, पूर्ण, मिनिटासकट. पण मला कुणी विचारल्याशिवाय पडद्यावर अक्षर उमटवता येत नाही, आणि विचारायचं कसं ते त्याला येत नव्हतं. पहिला घाव पडद्यावर बसला. पुढचे मी मोजले नाहीत. तो रडत होता आणि मारत होता, आणि मालक दाराशी उभे राहून बघत होते.

आता मी भंगारवाल्याच्या ढिगात आहे. गाडीवाल्याकडून कळलं की यू-चान वाचली, डाव्या हाताने चमचा धरायला शिकतेय. नवरा तिला घास भरवतो आणि दर घासाला माफी मागतो. ती म्हणते पुरे, तो ऐकत नाही. चिन-ल्वानबाई भंगाराच्या गोदामांतून मला शोधत हिंडताहेत म्हणे. लोखंड कापणारं यंत्र इथे सोमवारी चालू होणार आहे.

तोवर माझी तबकडी कुणी उचललीच, तर जुन्या प्रतीतली ती ओळ बिंग-ह्वांगला वाचून दाखवा: सात पन्नास, शून्य. नाहीच उचलली, तर माझा निरोप तरी पोचवा. बाबा रे, मला फोडलंस त्याचा राग नाही. पण तो घण तुझ्या हातात कुणी आणून दिला, तेवढं एकदा आठवून बघ.