दीड वीत अंतर

“डोळे मीट,” सयाजी म्हणाला आणि डावा तळहात त्याने अंजनाच्या मिटल्या डोळ्यांवर आडवा धरला. उजव्या हातातला फवाऱ्याचा डबा दोनदा हलवून त्याने तिच्या केसांपासून दीड वीत लांब नेला. फुस्स आवाज झाला. आरशाच्या लहानशा खोलीत गोडसर, डोक्यात चढणारा वास पसरला.

हरणाबाई खुर्चीमागे उभी होती, ओठांत केसांचे दोन आकडे आणि हातात कंगवा. मघापासून अर्धा तास खपून तिने अंजनाचे केस मुळाशी उलटे विंचरून फुगवले होते, त्यावरून वरचा थर गुळगुळीत बसवला होता आणि मागे अंबाडा घातला होता. आता फवारा नीट बसतो की नाही हे तिने पाहायला हवं होतं. ती पाहत होती नवऱ्याचा तळहात. फवारा थांबला तरी तो क्षणभर तिथेच होता.

“हलू नको. वाळू दे. मग परत एक हात मारतो.”

“गुदगुल्या हुत्यात, दादा,” अंजना म्हणाली आणि हाताखालीच हसली.

सयाजीही हसला. हरणाबाईने ओठांतला आकडा काढून अंबाड्यात खोचला, जरा जोरातच. अंजनाची मान मागे आली.

कराडातल्या मंडईमागच्या बोळात सयाजीने स्टुडिओ थाटून आठ वर्षं झाली होती. फौजेतून आल्यावर पुण्याला राहून तो ही विद्या शिकला. बाहेरच्या खोलीत कॅमेरा आणि दिवे, मध्ये आरशाची खोली, मागे संसार. स्थळाला दाखवायचा फोटो काढायला मुली येत, आणि त्यांचे केस करायचं काम पहिल्यापासून हरणाबाईचं. तेल-पाण्याचा हात फिरवून ती असा भांग पाडायची की मुलगी मलकापूरपर्यंत चालत गेली तरी बट हलायची नाही. बायका सयाजीचं नाव घेत नसत. हरणाबाईकडे फोटो काढायचा, असंच म्हणत.

मग मागच्या दिवाळीला फोटोचे कागद आणायला सयाजी मुंबईला गेला आणि येताना हा डबा घेऊन आला. मागचा दिवा लावला की सुटे केस उजळतात आणि डोक्याभोवती कोळ्याचं जाळं असावं तसं दिसतं. मग निगेटिव्हवर पेन्सिलीने एकेक केस झाकत बसावं लागतं. फवाऱ्याने ते काम वाचत होतं. दुकानदाराने त्याला सगळं समजावून दिलं होतं. केसांना तेलाचा थेंब नको. डबा दीड वीत लांब. हात एका जागी थांबवायचा नाही. एकदम भिजवायचं नाही, पातळ दोन थर द्यायचे, मधे वाळू द्यायचं आणि वाळेपर्यंत कंगवा लावायचा नाही. पहिल्या दिवशी सयाजीने स्वतःच्याच केसांवर मारून पाहिला आणि फवारा डोळ्यांत जाऊन अर्धा दिवस डोळे लाल करून बसला. तेव्हापासून तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर हात धरायचा. डबा मात्र त्याने बायकोच्या हाती कधी दिला नाही.

“मापानं मारावं लागतं,” एवढंच तो म्हणाला होता.

आता मुली दोन दिवस आधी शिकेकाईने न्हाऊन, कोरड्या केसांनी यायच्या. सुतकातल्यासारखं बिनतेलाचं डोकं घेऊन रस्त्याने यायची लाज वाटते म्हणून पदर घेऊन यायच्या. आणि बसल्या बसल्या विचारायच्या, “दादा फवारा मारनार न्हवं?”

हरणाबाईला त्याचाही एवढा राग नव्हता. तिच्या डोळ्यांसमोरून तो हात जात नव्हता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. उजेडात, चार माणसांत तर सोडाच, दोघंच असतानाही सयाजीने असा तिच्या चेहऱ्यावर हात ठेवला नव्हता. तिचा फोटो काढला तेव्हासुद्धा तो कॅमेऱ्यामागे काळ्या फडक्यात डोकं घालून तिथूनच बोलला होता.

त्या दिवशी अंजनाचा फोटो निघालाच नाही. सयाजी कॅमेऱ्याशी गेला आणि वीज गेली. तासभर वाट पाहून अंजनाचा बाप जालिंदर तिला सायकलवर मागे बसवून घेऊन गेला. जालिंदर रस्त्याच्या कामावर मुकादम होता. सयाजी कितीदा आत बस म्हणाला तरी तो पायरीवरच बसायचा. “हितं वारं बरं हाय,” म्हणायचा. पोरीला त्याने शिकवून मास्तरीण केलं होतं. ती मलकापूरच्या शाळेत होती आणि आता कराडातल्याच एका मास्तरचं स्थळ आलं होतं. जमलं तर नोकरी सुटणार नव्हती आणि आईबापही हाकेच्या अंतरावर राहणार होते. मध्यस्थ शनिवारी फोटो न्यायला येणार होता.

गुरुवारी दोघं पुन्हा आली. अंजना खुर्चीत बसता बसता सांगू लागली.

“वैनी, त्या दिवशीचं केस दुसऱ्या दिवसापत्तूर तसंच हुतं. शाळेत पोरी हात लावून बघत हुत्या. मी म्हनलं, आमच्या दादांच्या हातचा फवारा हाय.”

“आन् विंचरलं कुनी?” हरणाबाई म्हणाली.

“तुमीच की,” अंजना म्हणाली, आणि बाहेर दिवे लावणाऱ्या सयाजीकडे आरशातून पाहत पुढे बोलली, “दादा, आज वीज जानार न्हाई न्हवं?”

“तू आलीस की जातीया,” बाहेरून सयाजी म्हणाला. अंजना हसली.

हरणाबाई कंगवा ठेवून आत गेली. फडताळातली मोगऱ्याच्या वासाच्या खोबरेलाची बाटली तिने काढली, तळहातावर थोडं तेल घेतलं, चोळलं, आणि मग पदराला पुसलं. पुसल्यावर हाताला जेवढं राहतं तेवढं राहिलं. परत येऊन तिने केस फुगवले, अंबाडा घातला आणि शेवटी बटा बसवाव्यात तसा तो हात कपाळावरच्या केसांवरून दोनदा फिरवला.

सयाजीने फवारा मारला. केस बसायच्या ऐवजी त्यांच्या बारीक बारीक दोऱ्या झाल्या. त्याने आणखी मारला, तशी एक बट ओली होऊन कपाळाला चिकटली.

“हवाच दमट हाय आज,” तो म्हणाला. अंजनाच्या कपाळावरून हात काढून तो स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. बोटांना चिकट लागत होतं, पण फवारा चिकटच असतो. मध्यस्थाला फोटो शनिवारीच हवा होता, म्हणून त्याने तसाच काढला. शुक्रवारी दिवसभर तो निगेटिव्हवर पेन्सिल चालवत होता. हरणाबाईने त्याला दोनदा चहा नेऊन दिला.

बारा-तेरा दिवसांनी जालिंदर एकटाच आला आणि पायरीवर बसला.

“न्हाई जमलं, सयाजीराव. पोरगी आजारातनं उठल्यावानी दिसतीया म्हनले.”

हरणाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

“फोटो माझा चुकला,” सयाजी म्हणाला. “मी दुसरा काढतो. त्यांना तो बघू द्या.”

“त्यांनी दुसरी पोरगी बघितली बी आन् सुपारी फुटली बी. तुमचा काय दोष न्हाई. पर काढा दुसरा, फुडं लागलच.” मग दारात हरणाबाई आहे हे लक्षात येऊन त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली. “पोरगी बोलत न्हाई काय. शाळंत जाती, येती.”

रविवारी अंजना आली. सयाजी फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत होता. एका लग्नाचे फोटो औषधाच्या पाण्यात होते आणि त्याला दार उघडता येईना.

“हरणा,” तो आतूनच म्हणाला, “फवारा तूच मार. दीड वीत लांब धर. पाच आकडं मोज आन् थांब. वाळलं की परत पाच.”

हरणाबाईने हात साबणाने धुतले. कोरड्या फडक्याने पुसले, पुन्हा धुतले. मग ती खुर्चीमागे गेली. अंजना आरशात बघत नव्हती, मांडीवरच्या हातांकडे बघत होती. या वेळी केस कोरडे राहिले, भराभर फुगले. अंबाडा झाल्यावर हरणाबाईने टेबलावरचा डबा उचलला. तो तिला वाटला होता त्यापेक्षा हलका होता.

“डोळं मीट,” ती म्हणाली, आणि डावा तळहात अंजनाच्या डोळ्यांवर ठेवला.

पापण्या तळहाताला लागल्या. चिमणी मुठीत धरल्यावर होते तशी त्यांची अगदी बारीक हालचाल होत होती. हरणाबाई आकडे मोजायचं विसरली. मग तळहाताला ओल लागली.

तिने डबा खाली ठेवला, पण हात काढला नाही. हात काढला असता तर तिच्याकडे बघावं लागलं असतं.

“गेल्या बारीला माझ्या हाताला त्याल हुतं,” ती म्हणाली.

आतून पाण्यात फोटो हलवल्याचा आवाज येत होता.

“मला वास आला हुता,” अंजना म्हणाली. “मोगऱ्याचा.”

“मग बोलली का न्हाईस?”

“मला वाटलं, वैनीला ठावं असल काय लावायचं ते.”

माझं चुकलं, असं म्हणावं हे हरणाबाईला कळत होतं; पण चुकून झालं असं अंजना समजली असेल तर तसंच समजू द्यावं, हेही त्याच वेळी मनात आलं, आणि कुठलं धरावं ते ठरायच्या आत वेळ गेली. तिने पदराच्या टोकाने अंजनाचे डोळे टिपले, कपाळावरची पावडर सारखी केली.

“आता रडू नको. पावडर उतरती.”

“न्हाई रडत,” अंजना म्हणाली आणि आपणहून डोळे मिटले.

हरणाबाईने पुन्हा हात धरला. पाच मोजले, थांबली, वाळू दिलं, पुन्हा पाच मोजले. कानशिलावरच्या दोन सुट्या केसांसाठी तिने फवारा आधी कंगव्यावर घेतला आणि मग कंगवा हलकेच फिरवला. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

तो फोटो चांगला आला. सयाजीला निगेटिव्हवर पेन्सिल टेकवावीच लागली नाही. महिन्याभराने जालिंदर पेढे घेऊन आला. सोलापूरच्या गिरणीत काम करणाऱ्या मुलाने पसंत केलं होतं, वैशाखात लग्न होतं.

“आमच्यात आता बुद्धाम्होरं पांढऱ्या साडीत लगीन लागतं,” तो सांगत होता. “दहा मिनटात उरकतं. तुमी फोटो काढाय या, सयाजीराव. मानूस बरा हाय. पर लांब पडलं. शाळा सोडावी लागंल तिला.”

हरणाबाईने त्याला चहा दिला. तो पायरीवर बसूनच प्याला. पेढ्यांचा पुडा तिने देवापुढे ठेवला आणि त्या दिवशी त्यातला एकही खाल्ला नाही.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. सयाजी खिडकीशी बसून निगेटिव्ह उजेडात धरून पेन्सिल चालवत होता. हरणाबाई त्याच्यामागे येऊन उभी राहिली.

“अंजनाचं लगीन ठरलं.”

“कोन अंजना?”

“आवं, आत्ता येऊन गेलं की जालिंदर मुकादम. त्यांची. तीन बाऱ्या आली न्हाई का?”

“हां. उजवा कान म्होटा हाय ती.”

हरणाबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

“तिच्या डोळ्यांवर हात धरायचा, तवा काय वाटायचं तुमास्नी?”

“काय वाटायचं?” त्याने निगेटिव्ह खाली केली. प्रश्न त्याला खरंच कळला नव्हता. “आकडं मोजायचो. चुकलं की फवारा जास्ती हुतोय.”

तो पुन्हा कामाला लागला. पापण्या लागायच्या की नाही हाताला, असं विचारावंसं तिला वाटलं, पण उत्तर तिला ठाऊक होतं. बोळातून केळीवाला ओरडत गेला. मग ती म्हणाली,

“आन् माझं?”

“तुझं काय?”

“काय ल्हान-म्होटं हाय?”

“डावी भुवई जरा वर हाय,” सयाजी म्हणाला. कान सांगितला होता त्याच सुरात, आणि मान वर न करता. “हसलीस की सारखी हुती.”

हरणाबाईने तोंड फिरवलं आणि मागच्या खोलीत आली. आरशापुढून जाताना तिने आरशात पाहिलं नाही. हसू आलं होतं. ते चुलीपाशी येईपर्यंत टिकलं. देवापुढे पुडा तसाच होता. वरच्या कागदावर तूप उतरलं होतं. आपल्या तेलाच्या हातामुळे अंजना शाळा सोडून एवढी लांब निघाली होती.

“आवं,” तिने आतूनच विचारलं, “हितनं सोलापूरला एष्टी हाय का?”

“हाय की. सकाळची,” सयाजी म्हणाला. पेन्सिल थांबल्यासारखी वाटली. “का गं?”