पहिली गोळी

कारखान्यात तिला सगळे मिलिमीटरबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई. बावीस वर्षं तिचं एकच काम होतं. जोडणी होऊन आलेलं प्रत्येक पिस्तूल लोखंडी शिकंज्यात घट्ट आवळायचं, पंचवीस मीटरवर वाळूच्या ढिगापुढे कागद लावायचा, पाच गोळ्या झाडायच्या आणि कागदावर भोकांचा जो पुंजका पडेल तो मोजायचा. पुंजका पाच सेंटिमीटरच्या आत बसला तर पिस्तूल पास, नाहीतर परत जोडणीवाल्यांकडे. कागद एकाखाली एक असे दोन असत. वरचा पिस्तुलाबरोबर खोक्यात जाई, खालचा कारखान्याच्या दप्तरात. दोन्हींवर पिस्तुलाचा नंबर, तारीख आणि तिची सही. तिने पास केलेल्या पिस्तुलाबद्दल आजवर कुणी ब्र काढला नव्हता, आणि जोडणीवाल्यांनी कितीही लाडीगोडी लावली तरी तिने अर्धा मिलिमीटर कुणाला सोडला नव्हता. तिचा नवरा शिंपी होता. तो म्हणायचा, "तू जन्मभर भोकं पाडतेस, मी जन्मभर टाके घालतो. आपलं दोघांचं बरं जमलंय."

एका सकाळी साहेब, म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक, एका पाहुण्याला घेऊन चाचणीच्या खोलीत आले. पाहुणा पन्नाशीचा, अंगाने बारीक, बोलायला इतका हळू की त्याचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागे. त्याच्याकडे कुठल्याशा सरकारी खात्याचं शिक्क्याचं पत्र होतं आणि दुसऱ्या दोन कारखान्यांची दोन पिस्तुलं होती. ती दोन आणि इथली दहा, अशा बारा पिस्तुलांची तुलना त्याला हवी होती. साहेबांनी सांगितलं की हे काम आज सगळ्यात आधी करायचं. बोलताना ते सारखा रुमाल काढून मान पुसत होते. खोलीत पंखा चालू होता.

बाईने नेहमीसारखी पाच-पाच गोळ्यांची तयारी केली, तेव्हा पाहुण्याने तिला थांबवलं.

"पुंजका नको मला," तो म्हणाला. "फक्त पहिली गोळी. प्रत्येक पिस्तुलाची पहिली."

बाईला ते चमत्कारिक वाटलं, पण त्याचा अर्थ तिला ठाऊक होता. पहिली गोळी हाताने स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून नळीत चढवावी लागते. पुढच्या गोळ्या आधीच्या स्फोटाच्या धक्क्याने आपोआप चढतात. हाताने चढवली की आतलं पोलाद केसभर वेगळं बसतं. त्यामुळे पुष्कळ पिस्तुलांची पहिली गोळी एकीकडे जाते आणि बाकीच्या चार दुसरीकडे एकत्र बसतात. पण हे विचारायला आजवर कुणी आलं नव्हतं. पहारेकऱ्याला, शिपायाला, नेमबाजाला पुंजका लागतो. ते पुष्कळ गोळ्या झाडतात.

एकच गोळी झाडणारा माणूस कोण?

हा प्रश्न तिच्या मनात आला तो सहाव्या पिस्तुलाच्या वेळी, आणि मग काही केल्या तो जाईना. साहेब आणि पाहुणा चहाला वर गेले होते. ती एकटी काम करत होती. पिस्तूल थंड होऊ द्यायचं, हाताने गोळी चढवायची, झाडायची, मोजायचं. प्रत्येकाचं पाच वेळा. दुपारपर्यंत निकाल तिच्यासमोर होता. बाहेरची दोन्ही पिस्तुलं साधारण निघाली. इथलं एक मात्र अव्वल होतं. पाचही वेळा पहिली गोळी अगदी मधोमध, जणू आधीच्याच भोकातून गेली. आणि इथलंच दुसरं एक, शेवटचे आकडे एकेचाळीस, पाचही वेळा चार बोटं वर मारत होतं.

बाईने लेखणी उचलली. मग बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने खोटं लिहिलं. एकेचाळीस नंबरच्या पुढे तिने 'सर्वोत्तम' असं लिहून टाकलं आणि चांगलं पिस्तूल साधारणमध्ये ढकललं. खाली नेहमीसारखी सही केली.

दुसऱ्या दिवशी पाहुणा पुन्हा आला, आणि या वेळी साहेब बरोबर नव्हते. त्याने तिचा तक्ता शांतपणे वाचला आणि एकेचाळीस आपल्यासमोर झाडून दाखवायला सांगितलं. नाही म्हणायला तिच्याकडे काही कारण नव्हतं. तिने शिकंजा आवळला, गोळी चढवली, झाडली. भोक चार बोटं वर. त्याने पुन्हा झाडायला सांगितलं. पुन्हा चार बोटं वर. तिसऱ्यांदाही तेच.  आता हा आरडाओरडा करणार, साहेबांना बोलावणार, असं तिला वाटलं.

त्याने तसं काही केलं नाही. तो कागदाजवळ चालत गेला, भोकांवर बोट ठेवून उभा राहिला आणि परत आला.

"नेमाने चुकतं ना?" तो म्हणाला. "मग चालेल. चार बोटं खाली धरायचं, एवढंच."

 त्याने पिस्तूल खोक्यात ठेवलं, वरचा कागद घडी करून खिशात टाकला आणि खोकं काखेत मारलं.

"बावीस वर्षांत तुम्ही एकदाच चुकलात, बाई," तो जाताजाता म्हणाला. "मी कुणाला सांगणार नाही. तुमच्या मिस्टरांचं शिवणकाम छान असतं म्हणतात. येईन कधीतरी माप द्यायला."

नवरा शिंपी असल्याचं तिने त्याला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी ती खालचा कागद डब्याच्या पिशवीत घालून घरी घेऊन गेली. नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. तो मशीन थांबवून ऐकत राहिला. पोलिसांकडे जावं असं त्याचं मत पडलं, पण जाऊन सांगायचं काय? पत्र होतं, शिक्का होता, साहेबांची परवानगी होती. गुन्हा घडलाच नव्हता. एका माणसाने एक प्रश्न विचारला, एवढंच. दोघांनी मिळून ठरवलं की वाट बघू. त्या ठरवण्यात थोडं शहाणपण होतं आणि बरीचशी भीती होती, हे दोघांनाही कळत होतं. 

मग रोज सकाळी ती आधी वर्तमानपत्र उघडू लागली. अठरा दिवस काही नव्हतं. एकोणिसाव्या दिवशी पहिल्याच पानावर होतं. एका मोठ्या चौकशीचं काम पाहणारे निवृत्त न्यायाधीश आपल्या घराच्या पायऱ्या उतरताना मारले गेले होते. हल्लेखोर पळाला होता. पंचनाम्यात फक्त एका गोळीची नोंद होती.

ती कामावर गेली तेव्हा साहेब तिच्याच टेबलाशी बसलेले होते. समोर कोरं करकरीत दप्तर. जुनं भिजून खराब झालं, असं ते म्हणाले. नव्या दप्तरात गेल्या वर्षभराच्या नोंदी सुवाच्य अक्षरात लिहून तयार होत्या, फक्त तिच्या सह्या राहिल्या होत्या. तिने पानं चाळली. बारा पिस्तुलांच्या तुलनेचा कुठेच मागमूस नव्हता. एकेचाळीस नंबरचं पिस्तूल आठ महिन्यांपूर्वी नापास होऊन भट्टीत वितळवलं, अशी नोंद होती.

"करा सही," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसासारखा होता. "बाई, मी तुमच्या पाया पडतो. ही माणसं कोण आहेत, तुम्हाला माहीत नाही."

चष्मा घरी राहिला, जेवणाच्या सुट्टीत घेऊन येते, असं ती म्हणाली. चष्मा तिच्या नाकावर होता. साहेबांच्या ते लक्षातही आलं नाही.

ती परत गेली नाही. घरून नवऱ्याला आणि तो कागद घेऊन ती थेट या खुनाचा तपास करणाऱ्या पोलीस अधिकारीण बाईंकडे गेली आणि सगळं सांगून कागद त्यांच्या टेबलावर पसरला. अधिकारीण बाईंनी उठून दार लावून घेतलं. नव्या दप्तरावर सही केली का, एवढंच त्यांनी आधी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने जबाब लिहून घेतला, पण कागद मात्र तिच्याकडे परत सरकवला.

"हा इथे ठेवलात तर संध्याकाळपर्यंत राहणार नाही," त्या म्हणाल्या. "कोर्टात तुम्ही स्वतः घेऊन या. तोवर या गावात राहू नका. घरी जाऊन सामानसुद्धा घेऊ नका."

अंगावरच्या कपड्यांनिशी दोघं दूरच्या गावी तिच्या बहिणीकडे गेली. खटला उभा राहायला दीड वर्ष लागलं. न्यायाधीशांच्या देहातली गोळी आणि कारखान्याच्या वाळूतून उकरून काढलेल्या गोळ्या यांच्यावरचे ओरखडे जुळले, आणि त्या गोळ्या एकेचाळीस नंबरच्या पिस्तुलाच्या, हे बाईच्या कागदावरची भोकं, नंबर आणि तारीख यांवरून ठरलं. साहेबांना सात वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी शेवटपर्यंत कुणाचं नाव घेतलं नाही. पत्रावरचा शिक्का खरा निघाला, पण असा माणूस आपल्याकडे कधीच नव्हता असं खात्याने लिहून कळवलं. पिस्तूलही सापडलं नाही.

उलटतपासणीत साहेबांच्या वकिलाने बाईला एकच प्रश्न विचारला. पहिल्याच दिवशी तुम्हाला संशय आला होता, तर मधले एकोणीस दिवस तुम्ही काय करत होता? पुढच्या बाकावर न्यायाधीशांची बायको बसली होती.

"भीत होते," बाई म्हणाली.

ते तसंच लिहून घेतलं गेलं.

आता दोघं त्या दूरच्या गावीच असतात. नवऱ्याने छोटं दुकान टाकलं आहे, बाई काजं करते आणि गुंड्या लावते. दुकानाला रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी आहे, पण मशीन त्यांनी आत भिंतीला लावलं आहे. इतका छान उजेड सोडून अंधारात काय बसता, असं गिऱ्हाइकं विचारतात. इथेच बरं पडतं, असं नवरा सांगतो, आणि नवीन माणूस माप द्यायला आला की बाई हातातली सुई खाली ठेवून आधी त्याचं बोलणं ऐकते.