अडुसष्टातले चार

भागाकार इतका निर्मळ सुटला होता, की औरंगाबादच्या टेलिफोन केंद्रातल्या सूर्यभानला त्याच्यावर संशय घ्यावासाच वाटला नाही. जळगावकडे जाणाऱ्या नव्या ऑप्टिकल फायबरचा वेग वर, जुन्या दोन मेगाबिटच्या वाटेचा वेग खाली. भागले, अडुसष्ट आले आणि काहीच उरले नाही. अशा एकेका वाटेवरून एका वेळी तीस माणसे बोलणार होती. कारखान्यांना मागतील तितक्या वाटा देऊनही सोयगावसाठी एक शिल्लक राहत होती. त्या भरवशावर त्याने सोयगावच्या खांबांवरच्या तारा उतरवायला संमती दिली, आणि तारा उतरल्या.

संक्रांत तोंडावर आली असताना यंत्रे जोडली गेली. चौसष्ट वाटा बोलू लागल्या. चार मुक्याच राहिल्या.

सूर्यभान यंत्राची माहितीपुस्तिका उघडून बसला, तेव्हा त्याला आपली चूक दिसली. जुने मंद प्रवाह एकदम ओतता येत नव्हते. चार-चार करून त्यांच्या जुड्या बांधायच्या, त्या जुड्यांच्या पुन्हा जुड्या, आणि मग पुन्हा एकदा. प्रत्येक बांधणीत थोडी जागा बांधणाऱ्या खुणांनाच लागत होती: कोण कुठे सुरू होतो, कोण मागे पडला, कुणासाठी थांबायचे. त्या जागेतून कुणाचाच आवाज जात नव्हता. पण ती नसती तर साऱ्यांचे आवाज एकमेकांत विरघळून नुसती खरखर उरली असती.

त्याचे आप्पा जन्मभर मेंढरांमागे हिंडले. वाड्यात किती मेंढरे मावतील हे ते कुंपणावर नजर फिरवून सांगत. पण त्याआधी आपल्या घोंगडीची आणि कुत्र्याची जागा बाजूला काढत. धनगराच्या पोराने राखणदारांची जागा मेंढरांना वाटून टाकली होती.

तो मोठ्या साहेबांपुढे उभा राहिला. "चूक माझी आहे, साहेब. चार वाटा कमी कराव्या लागतील. कारखान्यांच्या काही..."

"कारखान्यांना हात लावायचा नाही. चार लहान गावं थांबतील थोडे दिवस."

"सोयगावच्या तारा उतरल्यात, साहेब. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय कोणत्याही क्षणी येईल. अशा वेळी गाव मुकं ठेवायचं?"

"अशा वेळी मुकंच बरं," साहेब म्हणाले. "अफवा तरी पसरणार नाहीत."

सूर्यभान यंत्रांच्या खोलीत परतला. नामांतराचा पहिला ठराव झाला, त्या वर्षी तो शाळकरी पोर होता. मेंढरांमागे चालताना क्षितिजावर धूर दिसे, आणि आप्पा त्याची मान हलकेच दुसरीकडे वळवत. त्या धुराखाली कोण होते, हे त्याला फार उशिरा कळले.

कोपऱ्यातला करडा फोन बोलू लागला. लाइनीवरच्या कर्मचाऱ्यांनी एकमेकांना बिघाड कळवायचा, एवढ्याचसाठी तो होता, आणि तो त्या राखणीच्या जागेतूनच चालत होता. त्यावर कुठूनही बोललेले फायबरवरच्या प्रत्येक ठाण्यात ऐकू जाई. सोयगावच्या ठाण्यातून लाइनमन सांडू बोलत होता.

"साहेब, टेलिफोनच्या खिडकीशी मुक्ताबाई बसलीय सकाळधरनं. म्या म्हनलं, मावशे, फोन मेलाय. तर म्हनती, तू जिता हायेस ना मुडद्या, मग लाव की!"

"कुणाशी बोलायचंय त्यांना?"

"तिचं पोरगं बद्रीनाथ, वाळूजला कंपनीत हाय. नुसता आवाज पायजे म्हनती." सांडूचा स्वर खाली आला. "ठरावाच्या साली तिचा मालक औरंगाबादेत कामाला व्हता. त्याला मारलं, ते हिला लई दिवसांनी कळलं, साहेब."

सूर्यभानने डोळे मिटले. या फोनवर बाहेरच्या माणसाने बोलायचे नाही, हा नियम त्याला पाठ होता. त्याने दुसऱ्या फोनवरून कारखान्याच्या फाटकाशी संपर्क साधला.

पाळी सुटल्यावर बद्रीनाथ सायकलीवरून आला. निळ्या गणवेशातला, सावध. दारातच थांबून त्याने विचारले, "माझ्याबद्दल काही तक्रार आहे का, साहेब?"

"नाही. आई आहे."

त्याने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "आये."

पलीकडे नुसता श्वास.

"बोल ना आये."

"तूच बोल. मी ऐकाया आले."

"काय बोलू?"

"काय बी. काय खाल्लं ते सांग."

"भाकर. वांग्याचं भरीत. जरा करपलं व्हतं."

"करपणारच. चुलीवर ठेवून गावभर हिंडतोस." मग ती थांबली. "तिकडं शांत हाय?"

"हाय. तिथं?"

"इथं कुणी काय बोलत नाय. नुसतं बघत्यात. बद्री, नाव झालं तर रस्त्यावर नाचाया जाऊ नको."

"जाणार, आये. बा त्याच्यापायीच गेला."

तार नव्हती, वाराही नव्हता. तरी ती शांतता दूरवर ताणलेली जाणवत होती. हर्सूलपासून पुढच्या प्रत्येक ठाण्यात कुणीतरी श्वास रोखून होते.

"मग जा," मुक्ताबाई म्हणाली. "पर एकट्यानं जाऊ नको. चौघं संगं घे."

तेवढ्यात साहेबांच्या खोलीतल्या जोडफोनवरून त्यांचा आवाज लाइनीवर उमटला. "कोण बोलतंय? ही लाइन खासगी बोलण्यासाठी नाही."

बद्रीनाथने रिसीव्हर झटकन पुढे केला. सबब म्हणून सूर्यभानला 'चाचणी' हा शब्द सुचला होता. त्याने तो गिळला.

"मी सूर्यभान, साहेब. सोयगावची माणसं बोलताहेत. मीच बोलू दिलं."

मग न विचारताच फुलंब्रीहून एक घोगरा आवाज आला, "फुलंब्रीत आवाज साफ येतोय, साहेब." पाठोपाठ हर्सूल म्हणाले, "इथंही येतोय."

"उद्या सकाळी लेखी खुलासा द्या," साहेब म्हणाले. रिसीव्हर ठेवल्याचा आवाज मात्र आला नाही.

सूर्यभानने रिसीव्हर पुन्हा तोंडाशी नेला. "सांडू, खिडकीशी अजून कोण आहे?"

"समदी वस्ती लोटलीय, साहेब."

"एकेकाला घे. पण आधी त्यांना सांग, इथलं बोलणं वाटेत सगळ्यांना ऐकू जातं. आमच्या साहेबांनाही."

पलीकडे कुजबूज झाली, आणि सांडू परत आला.

"सांगितलं, साहेब. म्हनत्यात, ऐकू द्या."