तुळईच्या आत

शनिवारी सकाळी दोर्डी आईच्या बुटांत वाळलं गवत भरत होती. डोंगरातल्या त्या थंडीत नुसते लोकरीचे मोजे पुरत नाहीत. मुक्कामी पोचलं की गवत काढायचं, पेंढी बांधून चुलीवर वाळत टाकायचं आणि निघताना पुन्हा भरायचं. पेंढी बांधायला तिनं एक निळा धागा आईच्या मनगटाला गुंडाळला.

"अगं, एवढं कोंबलंस, आता पाय काय हातात घेऊन जाऊ?" आई, बार्ब्रो, हसली.

नवरा तांब्याच्या खाणीत दगावला, तेव्हापासून बार्ब्रो गावाची झाली होती; म्हणजे कोणाचीच नाही. निराधारांना घरोघरी पाळीनं पोसायचं, ही नॉर्वेतल्या त्या खोऱ्याची रीत. गाव तिला धर्म म्हणे. नव्या घरी गेल्यावर दाराजवळच्या तुळईखाली उभं राहायचं आणि "आत ये" ऐकू येईपर्यंत पाऊल पुढे टाकायचं नाही. दोर्डी वोलेनच्या घरी मोलकरीण. तिथंही आई अशीच उभी राही आणि दोर्डी खाली मान घालून भांडी घाशी. परक्या घरात बोलावणारी ती कोण?

वोलेनची पाळी संपून हाउगेनच्या घरची रविवारी लागणार होती. पण वादळाची चिन्हं दिसताच वोलेनच्या मालकिणीनं म्हातारीला शनिवारीच वाटेला लावलं. अडकली असती, तर आणखी आठवडाभर खाऊ घालावं लागलं असतं.

सोमवारी बार्ब्रो दोन घरांच्या मध्ये बर्फात सापडली.

जमीन गोठलेली, दफन वसंतातच होणार. तोवर प्रेत हाउगेनच्या कोठारात ठेवायचं ठरलं. प्रेत ठेवलेली घसरगाडी घराच्या दाराशी आणली होती आणि आत अंमलदार चौकशी करत होता. घरधनी एस्तेन सांगत होता, म्हातारी आलीच नाही, दारू पिऊन वाटेत झोपली असेल.

"आणि पाळी रविवारची होती साहेब. शनिवारी ती आमची नव्हतीच."

बाहेर दोर्डीनं आईचे बूट काढले. आत गवताची काडीही नव्हती. गवत काढून बर्फात कोण चालतं?

ती आत शिरली आणि तुळईखाली न थांबता थेट चुलीपाशी गेली.

"तुला गं कोणी बोलावलं?" चौकशीला आलेली वोलेनची मालकीण कोपऱ्यातून म्हणाली.

वरच्या दांडीवर गवताची पेंढी लटकत होती. निळ्या धाग्यात बांधलेली. दोर्डीनं ती अंमलदारापुढे ठेवली.

"आईला बूट काढू दिलेत. मग पाळी आठवली."

 एस्तेनची बायको भिंतीकडे बघत पुटपुटली, "सकाळपर्यंत राहू दे, म्हटलं होतं मी."

अंमलदार खाकरला. नियमानं पाहिलं तर रविवारपर्यंत जबाबदारी वोलेनची, असं काहीसं बोलू लागला.

"मग असं लिहा," दोर्डी म्हणाली, "की एकानं आदल्या दिवशी हाकललं आणि दुसऱ्यानं दार लावलं. खून दोघांनी मिळून केला, आणि गावानं त्याला पाळी म्हटलं."

"उद्यापासून माझ्या घरी पाऊल टाकू नकोस," मालकीण म्हणाली.

"आजपासूनच नाही टाकत."

दोर्डीनं दार सताड उघडलं. बर्फाचा झोत घरात घुसला. घसरगाडीचा दोर खांद्यावर घेऊन तिनं ती उंबऱ्यावरून ओढली, तुळईखालून पार, चुलीपर्यंत. कोणी अडवलं नाही, कोणी हातही लावला नाही.

तिनं आईच्या केसांतला बर्फ झटकला.

"आई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आत ये."