धार नाही. बघून घ्या.

महान शस्त्रं कोणी घडवत नाही, ती अवतरतात. त्यांच्यामागे कुणाचं तरी तप असतं, कुणाचं तरी बलिदान असतं आणि युगानुयुगांची वाट पाहणं असतं. 'बिनधारी' ह्या जगप्रसिद्ध तलवारीमागे मात्र चुकीच्या रकान्यात टाइप झालेला एक शेरा होता, आणि तो टाइप करणाऱ्या बाईंची त्या दिवशी दाढ ठणकत होती.

बाई मुद्रितशोधक होत्या. बावीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात वेळापत्रकं, पाठ्यपुस्तकं आणि औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं तपासली. छापखाना बंद पडला तेव्हा त्या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागल्या. काम तेच होतं. फक्त आता तपासायला राक्षसांच्या धमक्या, दुकानदारांचे टोमणे आणि शस्त्रांवरचे कोरीव लेख असायचे. राक्षसांचं ऱ्हस्व-दीर्घ फार कच्चं, असं त्यांचं मत पहिल्याच आठवड्यात झालं. ऑफिसात त्यांना 'कानामात्रा' म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि एकदा हजेरीच्या यादीतच तसं छापून आलं. बाईंनी बघितलं, चारही काने जागेवर होते, म्हणून तक्रार केली नाही.

खेळातल्या प्रत्येक वस्तूची एका मोठ्या कोष्टकात एक ओळ असे. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात मजकूर, तिसऱ्यात शेरा. मजकूर खेळणाऱ्याला दिसायचा, शेरा फक्त ऑफिसातल्या माणसांना. चार वर्षांपूर्वी सातव्या गुहेतली तलवार बाईंकडे आली तेव्हा तिचं पातं पट्टीच्या कडेइतकं जाड होतं. शस्त्रांची चित्रं बनवायचं काम लोहाराचं. लोहार म्हणजे कमरेला पट्टा बांधून संगणकासमोर बसणारा एक गृहस्थ, ज्याने जन्मात साधा हातोडाही उचलला नव्हता. तो पात्याला धार लावायला विसरला होता. बाईंनी गालावर हात दाबून एका हाताने शेरा लिहिला: "धार नाही.  बघून घ्या." मधे दोनदा मोकळी जागा पडली. रकाना दुसरा होता.

तिसरा रकाना कोराच राहिल्यामुळे लोहाराला वाटलं सगळं आलबेल आहे. तलवार तशीच बाजारात गेली. सात डोक्यांचा राक्षस मारून, जीव मुठीत धरून गुहेच्या तळाशी पोचलेल्या लाखो लोकांनी ती उचलली आणि तिच्यावर कोरलेलं वाचलं. धार नाही, असं लिहिलं होतं. पातं पाहिलं तर खरंच धार नव्हती. त्या खेळात काहीतरी एकमेकांशी जुळण्याची ती पहिलीच वेळ होती, त्यामुळे हे मुद्दाम केलेलं आहे ह्याबद्दल कोणाला शंका उरली नाही.

मग अर्थ लागू लागले. कोणी म्हणालं, ही राज्य सोडून गेलेल्या राजाची तलवार. कोणी म्हणालं, मारायचं नाकारणारं हे पहिलं शस्त्र. 'बघून घ्या'वरून तर तीन पंथ पडले. पहिल्याच्या मते ती धमकी होती: धार नसतानाही काय करते ते बघाच. दुसऱ्याच्या मते उपदेश होता: आपलं उणेपण बघा आणि पदरात घ्या. तिसरा पंथ व्यवहारी होता. त्याच्या मते कुठलीही वस्तू घेण्याआधी नीट बघून घ्यावी, इतकंच. दोन वाक्यांमधल्या त्या जास्तीच्या मोकळ्या जागेवर एकाने ऐंशी पानांचा निबंध लिहिला. त्याच्या मते तिथे तलवार श्वास घेते. बाईंनी तो वाचला. त्यात शुद्धलेखनाच्या दोनशे चौदा चुका होत्या.

लोहाराने एखाद्या गोष्टीकडे लक्ष द्यावं असा त्या शब्दांचा अर्थ असू शकेल, हे मात्र कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

आता नवी आवृत्ती निघणार होती. मंगळवारी सकाळी साहेबांनी बाईंना आणि लोहाराला बोलावून घेतलं. खोलीत आधीच एक पाहुणे बसले होते. त्यांच्या ओळखपत्रावर 'प्रतीकतज्ज्ञ' असं लिहिलं होतं, तेही बरोबर, ज्ञच्या आधीचा अर्धा ज न गाळता.

"बसा बाई," साहेब म्हणाले. "बिनधारीला आता जरा बैठक द्यायचीय. पौराणिक. किती दिवस नुसतं धार नाही, धार नाही करायचं. ह्यांनी नवा मजकूर केलाय."

प्रतीकतज्ज्ञांनी घसा साफ केला. "मी आदित्याची ज्वाला, मी तमाचा अंत. मला धारण करील तो त्रिखंडाचा स्वामी होईल." मग समजावून सांगितलं, "पातं म्हणजे सूर्यकिरण. मूठ म्हणजे पृथ्वी. मधली आडवी पट्टी म्हणजे क्षितिज. म्यान म्हणजे रात्र."

"ह्या तलवारीला म्यान नाही," बाई म्हणाल्या.

"राहिलंय ते," लोहार म्हणाला.

बाईंनी कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. "शुद्ध आहे. पण हेच वाक्य थोड्याफार फरकाने आपल्या एकोणीस तलवारींवर आहे. एका कुऱ्हाडीवरही आहे."

"त्यातून परंपरा सिद्ध होते," प्रतीकतज्ज्ञ म्हणाले.

"त्यातून कॉपी सिद्ध होते. माझी ह्याला मंजुरी नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. कोष्टकातल्या ओळीपुढे बाईंनी 'तपासले' अशी खूण केल्याशिवाय यंत्र ती ओळ पुढे घेत नसे. हा नियम साहेबांनीच केला होता, चूक झालीच तर ती कुणाच्या तरी नावावर असावी म्हणून.

"बाई, तुमचं काम चुका दुरुस्त करायचं आहे."

"मान्य आहे. ही चूक नाही."

"तुम्हीच केलेली चूक आहे ती. ह्या खोलीतल्या सगळ्यांना माहितेय."

"मला माहीत नव्हतं," प्रतीकतज्ज्ञ म्हणाले आणि खुर्चीत थोडे मागे सरकले.

"केली तेव्हा चूक होती," बाई म्हणाल्या. "आता तो मजकूर आहे. मजकुराला हात लावायला कारण लागतं. कारण सांगा, मी बदलते."

"कारण मी सांगतोय हे."

"हे कारण नाही साहेब, हा हुकूम आहे. कारणाचा रकाना वेगळा असतो."

लोहाराने कमरेचा पट्टा उगाचच घट्ट केला. साहेब उठून खिडकीशी गेले. तिथून फक्त शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. पण ती बघितल्यावर त्यांना निर्णय सुचत. "शुक्रवारी चारपर्यंत नवा मजकूर तपासून पुढे गेला पाहिजे. नाहीतर सोमवारी यायची तसदी घेऊ नका."

बाई घरी आल्या तेव्हा नणंद हॉलमध्ये गुडघ्याला शेकायची पिशवी बांधून राक्षसांशी झुंजत होती. नणंद निवृत्त परिचारिका. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून नोकरी सोडून भावाकडे राहायला आली, आणि भाऊ बाराही महिने दौऱ्यावर असल्याने घरात ह्या दोघीच उरल्या. वेळ जावा म्हणून ती वहिनीच्या कंपनीचा खेळ खेळायला बसली ती उठलीच नाही.

"चेहरा का उतरलाय, वहिनी?"

बाईंनी बूट काढता काढता सगळं सांगितलं. नणंदेने खेळ थांबवला. हे तिने ह्याआधी फक्त एकदाच केलं होतं, गॅसवर दूध उतू गेलं तेव्हा.

"हे बघा, मला आजवर चाळीस तलवारी मिळाल्या. एकजात सगळ्या स्वतःची टिमकी वाजवतात. मी ज्वाला, मी वीज, मी अमकी, मी तमकी. ही एकच अशी भेटली की जी उचलल्या उचलल्या सांगते, बाई गं, माझ्यात हे नाही. बत्तीस वर्षं वॉर्डात काढली मी. एक डॉक्टर असं बोलला नाही."

"चूक होती हो ती, वन्सं. दाढ दुखत होती माझी."

"असेल. तुम्ही चुकला असाल, वाक्य कुठे चुकलंय?"

स्वयंपाकघरात जाऊन बाईंनी चहाचं आधण ठेवलं आणि ते आटेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. आयुष्यभर त्या दुसऱ्यांच्या वाक्यांना टेकू देत आल्या होत्या. हजारो पानांवरून त्यांचा हात फिरला होता आणि एकाही पानावर त्यांचं असं काही नव्हतं. तपासनिसाचं काम चांगलं झालं की तो दिसत नाही. जगात लोकांनी वाचलेलं, पाठ केलेलं आणि त्यावरून भांडलेलं त्यांचं असं वाक्य एवढंच. चार शब्द, आणि एका जागी नको तेवढी मोकळी जागा. ते पुसायचं, आणि पुसल्याची खूण पुन्हा आपल्याच हाताने करायची.

"वहिनी," हॉलमधून आवाज आला, "जाळ बंद करा. वास येतोय."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर बाईंनी बिनधारीची ओळ उघडली. छापखान्यात एक पद्धत होती. कोणी उत्साहाच्या भरात चांगला मजकूर खोडला, तर तपासनीस त्या शब्दांखाली टिंबांची रांग द्यायचा आणि समासात लिहायचा: "असू द्या." ह्या दोन शब्दांपुढे खिळे जुळवणारा जुळारी, लेखक, मालक, कोणाचीच मात्रा चालत नसे. खोडलेलं तसंच्या तसं छापलं जायचं. बावीस वर्षांत बाईंनी ती खूण दुसऱ्यांसाठी असंख्य वेळा केली होती.

त्यांनी प्रतीकतज्ज्ञांची आदित्यज्वाला उचलून तिसऱ्या रकान्यात, शेऱ्यात टाकली. दुसऱ्या रकान्यात जुनं वाक्य होतं तसं परत ठेवलं. मधली ती मोकळी जागासुद्धा ठेवली, हात शिवशिवत असताना. आणि त्यापुढे लिहिलं: "असू द्या."

ह्या वेळी दाढ दुखत नव्हती आणि रकाना चुकला नव्हता. त्यांनी 'तपासले'वर खूण केली.

पावणेचारला साहेब दारात आले. "झालं का?"

"झालं."

"कळलं ना शेवटी. उगाच ताणून धरलंत."

"तरी एकदा बघून घ्या," बाई म्हणाल्या.

साहेबांनी मान डोलावली आणि ते निघून गेले. 'बघून घ्या' ह्या शब्दांचं हेच वैशिष्ट्य आहे. ते ऐकून कोणी काही बघत नाही.

लोहाराने मात्र ह्या खेपेस शेऱ्याचा रकाना डोळ्यांत तेल घालून वाचला. तिथे लिहिलं होतं: मी आदित्याची ज्वाला, मी तमाचा अंत. त्याने दोनदा वाचलं, खाली "नक्की काय करायचंय?" असं लिहिलं आणि उत्तराची वाट बघत तलवारीला हात लावला नाही. उत्तर आलं नाही. धारही आली नाही.

सोमवारी बाई नेहमीच्या वेळेला ऑफिसात आल्या आणि आपल्या खुर्चीत बसल्या. साहेबांना रविवारीच सगळं कळलं होतं, पण तोवर नवी आवृत्ती बाजारात जाऊन उशीर झाला होता. तलवारीने चार वर्षांनी तोंड उघडून 'असू द्या' म्हटल्यावर तिन्ही पंथांचे लोक एकमेकांचे गळे सोडून गळ्यात पडले होते, आणि सकाळी एका मुलाखतीत साहेबांनी ही कल्पना आपल्याला पाण्याच्या टाकीकडे बघताना सुचल्याचं सांगून टाकलं होतं. प्रतीकतज्ज्ञांनी तीन वाक्यं म्हणजे तीन युगं असा लेख पाठवला. आता बाईंना काढायचं तर कशासाठी काढलं ते लिहावं लागलं असतं. म्हणून त्यांची बदली पादत्राणं विभागात झाली. तिथे त्या जादूच्या बुटांची वर्णनं तपासतात. पहिल्याच दिवशी एका उडत्या बुटापुढे त्यांनी शेरा लिहिला, "तळवा नाही," आणि रकान्याकडे जरा वेळ बघत बसल्या.

त्याच आठवड्यात नणंदेने खेळ संपवला. शेवटचा राक्षस पडल्यावर तिने बाईंना हाक मारून दाखवला.

"बिनधारीने?" बाईंनी विचारलं.

"छे हो. ती भिंतीला लावून ठेवलीय."

खेळाच्या कोष्टकात बिनधारीचा मारा चार आहे. पहिल्याच खोलीत कांद्यांशेजारी पडलेल्या सुरीचा सहा आहे.